केबिनच्या दाराबाहेरचे अकरा आठवडे

क्रेनची केबिन बाहेरच्या माणसाला समजावून सांगावी लागते, म्हणून आधी तेवढं सांगतो. शेडच्या दोन्ही भिंतींना वर, छताच्या जवळ, रूळ असतात. त्या रुळांवर एक आडवा पूल पुढं-मागं धावतो. पुलावर एक छोटी गाडी डावी-उजवीकडं सरकते आणि तिच्यातून तारेच्या दोरावर हुक खाली सुटतो. पुलाच्या एका टोकाला पत्र्याची पेटी लटकवलेली असते, तीच केबिन. आत एक स्टूल आणि तीन दांडे. एक दांडा पूल चालवतो, दुसरा गाडी, तिसरा हुक. दोन माणसं आत बसली की गुडघ्याला गुडघा लागतो. शिकणाऱ्यानं आणि शिकवणाऱ्यानं असंच बसायचं असतं, कारण हे काम सांगून येत नाही. हातावर हात ठेवूनच शिकवावं लागतं. केबिनच्या दाराबाहेर जाळीचा एक चिंचोळा कट्टा असतो, शिडीवरून आत शिरण्यापुरता. तिथं कोणी उभं राहत नाही.

तिथं एक माणूस अकरा आठवडे उभा होता. त्याची ही हकिगत आहे. ती नीट पार पडली म्हणूनच लिहायला बसलो आहे. पार पडली नसती तर दोष क्रेन चालवणाऱ्या देवरावजींचा नव्हे, माझा ठरला असता, आणि मग या अंकात लिहायला मला तोंड उरलं नसतं.

मी तेव्हा ट्रेनिंग ऑफिसात कारकून होतो. भिलाईचा कारखाना उभा राहत होता आणि उभारणीच्या कामावर कितीतरी ठेकेदार होते. त्यातल्या एका कंपनीच्या शेडमध्ये खांब आणि तुळया कापून-जोडून तयार होत. काम संपल्यावर ती कंपनी गाशा गुंडाळून गेली. तिचं नाव इथं देत नाही. निरनिराळ्या शाळांतून निवडलेली मुलं आमच्याकडे बारा आठवडे प्रत्यक्ष कामावर शिकायला येत. शेवटी परीक्षा. पास झाला तो ऑपरेटर. परीक्षेच्या यादीत ज्याचं नाव नाही, तो घरी, नाहीतर यार्डात लोखंड उचलायला.

प्रत्येक मुलाला एक वही दिलेली असे. तिच्यात रकाने होते: पाहिलेलं काम, स्वतःच्या हातानं केलेलं काम, ऑपरेटरची सही. दर शनिवारी त्या वह्या गोळा करून तास मांडायचे, हे माझं काम. करमणूकही तीच. वेल्डिंगच्या एका मुलानं 'पाहिलेलं काम' या रकान्यात आठवडाभर 'साहेब' एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्या एकानं इतके तास भरले होते की दिवस तीस तासांचा झाला. विचारलं तर म्हणाला, "बाबूजी, मन लगाके किया."

त्या तुकडीत चौघं आदिवासी होते, दल्ली-राजहऱ्याकडच्या गावांतले. लोखंडाचा दगड त्यांच्या डोंगरांतून येत होता, तर त्यांच्यातल्या काही मुलांनाही शिकवावं, असं वरून ठरलं होतं. तिघं पहिल्या महिन्यातच निघून गेले. त्यांच्या वह्यांवर ऑपरेटरांनी लिहिलं होतं, 'मन लागत नाही.' त्याखाली मी माझ्या सुवाच्य अक्षरात 'स्वेच्छेने सोडले' असं लिहिलं आणि वह्या कपाटात टाकल्या. त्या तिघांना मी एका शब्दानं विचारलं नाही.

हे कोण करतो, तर मी. माझे वडील गोंदियाला विडी कामगारांची पत्रकं लिहीत. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर, आणि वाचायला शिकलो ते छापील बाजूवरून. 'अन्याय' हा शब्द मला 'आंबा' या शब्दाच्या आधी लिहिता येत होता. वडील गेल्यावर आईला घेऊन भिलाईला आलो, कामगारांच्या कॅम्पात पत्र्याची खोली घेतली. अन्याय दिसला की ओळखू येईल, अशी माझी खात्री होती. तो दर शनिवारी माझ्या टेबलावर येऊन पडत होता आणि मी त्यातले तास मोजत होतो.

चौथा मुलगा सोनसाय नेताम. वीस-एकवीस वर्षांचा गोंड तरुण, सडपातळ, बोलायला कमी. तो क्रेनवर होता. अकराव्या शनिवारी मी यादीसाठी तास मांडत होतो, तेव्हा त्याच्या वहीपाशी थांबलो. 'पाहिलेलं काम' या रकान्यात रोज नीट लिहिलेलं: प्लेट उठवली ती पाहिली, तुळई फिरवली ती पाहिली. शेजारच्या रकान्यात, हातानं केलेल्या कामाच्या, अकरा आठवडे शून्य. परीक्षेला बसायला चाळीस तास लागत.

मी त्याला बोलावून घेतलं आणि पहिला प्रश्न काय विचारला, तर वर झोपतोस का.

 "ऊपर आके देख ले, बाबू," तो म्हणाला.

सोमवारी मी शिडी चढलो. कारकून माणसाला ती शिडी फार लांब वाटते. वर पोचलो तर पत्र्याच्या छताखाली भट्टीसारखं तापलेलं, पूल धावतो आहे, आणि सोनसाय त्या जाळीच्या कट्ट्यावर उभा. कठडा हाताला चटके देत होता म्हणून त्यानं हाताला गमछा गुंडाळला होता. दार उघडं होतं. आत देवरावजी स्टुलावर, आणि शिकणाऱ्यानं जिथं बसायचं तिथं त्यांचा डबा आणि पाण्याची सुरई.

देवरावजी आमच्यापासून दोन दारं सोडून राहत. तुमसरकडचे शेतकरी घरातले, क्रेनच्या कामात पटाईत. मला ही नोकरी लागली ती त्यांच्या शब्दानं. आईला ताप आला तेव्हा पॉवर हाऊसच्या बाजारात जाऊन औषध त्यांनीच आणलं होतं.

"ये बाबू, ये," ते म्हणाले. "आज हवेत कसा?"

"देवरावजी, हा बाहेर कावून उभा हाय?"

"मंग कुठं उभा राहीन? आत जागा हाय का?"

"बाकीच्या क्रेनवर दोघं बसतात."

"बसत असतीन. मी इथंच जेवतो, बाबू. आठ घंटे खाली उतराले भेटत नाही. डबा इथं, पानी इथं. आता त्या जंगलाच्या मांडीले मांडी लावून भाकर खाऊ का मी?"

सोनसाय हातभर अंतरावर होता. त्याला मराठी येत नव्हती, पण 'जंगल' हा शब्द कळायला मराठी यावी लागत नाही. शेडमध्ये त्याला त्याच नावानं हाका मारत.

"अन् दांडे? एकदा तरी हातात द्या त्याच्या."

"खाली मानसं काम करून राहिली, दिसते ना? ज्याच्या बापानं बैलबंडी नाही चालवली, त्याच्या हाती दहा टनाचा हुक देऊ? शिकून राहिला ना तो. पाहून राहिला. पाहू दे." आणि लगेच, त्याच आवाजात, "मायचा खोकला गेला का? अडुळसा दे म्हनलं होतं मी."

मी शिडी उतरलो. 

त्या संध्याकाळी मी दिवा लावून लिहायला बसलो आणि वडिलांचा सगळा वारसा कागदावर ओतला. चार पानं झाली. 'हे अरण्यपुत्र मूक आहेत. अक्षर म्हणजे काय, यंत्र म्हणजे काय, हे ज्याने जन्मात जाणले नाही, अशा या भोळ्या निरक्षर जीवाला आकाश आणि लोखंड यांच्यामध्ये टांगून ठेवणारी ही व्यवस्था...' असं बरंच. लिहिताना मला स्वतःलाच भरून आलं. मंगळवारी ते ट्रेनिंग ऑफिसर दाणी साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि ताठ मानेनं जागेवर येऊन बसलो.

दाणी साहेब नागपूरचे. शांत माणूस, कागद दोनदा वाचल्याशिवाय सही करत नसत. बुधवारी त्यांनी मला बोलावलं.

"छान लिहिता तुम्ही," म्हणाले, आणि एक हुकूम माझ्यापुढं सरकवला. सोनसाय नेताम याला क्रेनच्या प्रशिक्षणातून कमी करून यार्डच्या टोळीत पाठवावे. कारण: उमेदवार निरक्षर असल्याचे निदर्शनास आले आहे.

मला काही क्षण समजेना की हा कागद कुठून आला.

"साहेब, मी त्याच्या बाजूनं लिहिलं होतं."

"हो ना. पण क्रेनला आठवी पास लागतं. वजनाच्या पाट्या वाचाव्या लागतात, स्विचवरची अक्षरं वाचावी लागतात. तुम्ही लेखी कळवलंत की त्याला अक्षर येत नाही. आता मी डोळेझाक केली आणि उद्या खाली कोणी चिरडलं गेलं, तर हाच कागद माझ्या गळ्यात अडकेल."

"पण तो निरक्षर नाही. त्याची वही तोच लिहितो."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि माझं मलाच ते ऐकू आलं. अकरा आठवडे मी त्याचं हस्ताक्षर वाचत होतो.

"मग तसं का लिहिलंत?"

"जोर यावा म्हणून, साहेब."

"जोर आला की," दाणी साहेब म्हणाले. "परीक्षेची यादी शनिवारी दुपारी जाते. तोवर काही लेखी आणलंत तर बघू. तुमच्या अरण्यपुत्राला म्हणावं, कागद आण."

गुरुवारी दुपारी मी सोनसायला शोधत यार्डात गेलो. तो खांद्यावर लोखंडी पट्ट्या वाहत होता. मला पाहून त्यानं ओझं उतरवलं, चालत आला आणि अगदी जवळ उभा राहिला.

"तोला कोन कहिस के मैं अनपढ़ हंव?"

हे छत्तीसगढीत. पुढचं सगळं तो हिंदीत बोलला, माझ्या सोयीसाठी. इथं मराठीत देतो.

मी म्हणालो, कोणी सांगितलं नाही, मीच लिहिलं.

"देवरावनं मला दाराबाहेर ठेवलं," तो म्हणाला. "तू तर यादीबाहेर काढलंस. त्याला निदान माझं तोंड तरी माहीत आहे. माझे काका शाळेत गुरुजी आहेत. मी दुर्गच्या वसतिगृहात राहून आठवी केली. सुट्टीत सायकलच्या दुकानात काम केलं, चाकं सरळ केली. यंत्र जन्मात पाहिलं नाही, हे तू आणलंस कुठून?"

"लोकांना कळावं म्हणून लिहिलं."

"कोणत्या लोकांना? साहेब एकच होता वाचायला."

मला राग आला. चूक आपली असली की येतो तसा. मी म्हणालो, "मग अकरा आठवडे तू गप्प का राहिलास?"

"गप्प कुठं होतो? दर शनिवारी तुला लिहून देत होतो."



तो पुढं म्हणाला ते असं. यार्डात गेलं की तिथून कोणी परत वर येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. गावची जमीन खदानीखाली गेली होती. परत जायला घर होतं, पण शेत नव्हतं. काकांनी चार ठिकाणी अर्ज करून ही एक जागा मिळवली होती. "मला त्या स्टुलावर बसायचं आहे. देवरावनं माझ्याशी चांगलं वागावं, असं माझं काही म्हणणं नाही. मला दांडे पाहिजेत."

मी खिशातून कागद काढला. त्यानं सांगितलं, मी लिहिलं. आठवी पास, दाखला सोबत जोडला आहे. अकरा आठवडे केबिनच्या बाहेर उभं केलं. दांड्यांवर शून्य तास. नियमाप्रमाणे चाळीस तास मिळावेत, मग परीक्षा घ्यावी.

"अजून?" मी विचारलं.

"बस."

"तुला जंगल म्हणतात, ते?"

 "ते लिही. पण जसं म्हणतात तसंच लिही. तुझं काही घालू नको."

अर्धं पानही भरलं नाही. वडिलांनंतर माझा मजकूर इतका कापणारा कोणी भेटला नव्हता.

पण कट्ट्यावर उभं केलं, हे देवरावजी कबूल करणार नाहीत, हे उघड होतं. साक्षीदार हवा होता. शुक्रवारी सकाळी मी झिबलकाकाला गाठलं. झिबल हा खलाशी. क्रेनच्या कामात खलाशी म्हणजे खाली उभा राहून हुकात माल अडकवणारा आणि हाताच्या खुणांनी वरच्या ऑपरेटरला सांगणारा: उचल, थांब, डावीकडे, सोड. वरच्याला माल नीट दिसत नाही, तो खलाशाचा हात पाहून चालवतो. झिबल पन्नाशीचा, भंडाऱ्याकडचा, आणि वर पाहून पाहून त्याची मान कायमची मागं कललेली.

"बायको समोर आली त तिचं कपाळच दिसते मले," तो म्हणायचा.

मी विचारलं, "काका, तो सोनसाय वर कुठं असते, हे तुमाले दिसते का?"

"दिसते म्हंजे? आठ घंटे वरच पाहतो मी. पयल्या दिवसापासून बाहेर हाय तो. एक दिवस पूल झटक्यानं थांबला त पडतच होता. माह्या काळजाचं पानी झालं."

"मंग सांगतलं कावून नाही?"

"कोनाले सांगू? इचारलं कोनं? तू आता इचारून राहिला, त सांगून राहिलो."

"हे लिहून देता का?"

झिबलनं तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाला, "देवरावजी वर, मी खाली. उद्या माह्या डोक्यावर तुळई लटकवून बिडी प्याले गेला त?" हसला, पण अर्धंच. "आन कागद."

मी अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढं केलं. त्यानं ते बाजूला सारलं.

"सही येते मले. हळू येते."

ती फार हळू आली. मी थांबलो. निदान तेवढं तरी शिकलो होतो.

शनिवारी अकरा वाजता दाणी साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं: मी, सोनसाय, झिबल आणि बोलावून आणलेले देवरावजी. आधी मला बोलायचं होतं. मी म्हणालो, "साहेब, माझ्या पत्रातली निरक्षर ही गोष्ट खोटी आहे. मी चौकशी न करता लिहिली. ती मी लेखी मागं घेतो." देवरावजींपुढं हे म्हणताना कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ते माझ्याकडे बघून हळूच हसले, आणि ते हसणं मला भोगावंच लागलं.

मग दाखला पुढं आला. साहेबांनी तो दोनदा वाचला. मग अर्धं पान, तेही दोनदा. मग वही.

"देवराव, हा बाहेर उभा असतो?"

"नाही साहेब. कधी कधी हवा घ्याले जात असन."

"झिबल?"

झिबलनं सवयीनं मान वर केली, छताकडे बघतच बोलला. "साहेब, पयल्या दिवसापासून बाहेरच हाय. आत त्यांचा डबा असते."

 दाणी साहेबांनी वहीतल्या शून्यांवरून पेन्सिल फिरवली, एकेक करत, अगदी खालपर्यंत. त्या क्षणी त्यांच्या मनात काय आलं, ते मला नक्की सांगता येतं, कारण ते त्यांनी मोठ्यानं म्हटलं.

"हा तक्ता वर जातो. अकरा आठवडे शून्य. वरचे मला विचारतील, दाणी, तुम्ही काय करत होता?"

मला त्या वेळी न्याय या शब्दाची फार अपेक्षा होती. तो शब्द कोणी उच्चारला नाही. एका सावध अधिकाऱ्याला आपल्या तक्त्याची लाज वाटली, आणि ती पुरली. हुकूम रद्द झाला. सोनसायची परीक्षा पंधरा दिवस पुढं गेली. त्या पंधरा दिवसांत चाळीस तास त्याच क्रेनवर, आत बसून, हातात दांडे देऊन. चाळीस तास भरले नाहीत तर जबाबदारी ऑपरेटरची.

"अन् मी जेवू कुठं, साहेब?" देवरावजींनी विचारलं.

"खाली उतरून. अर्धा तास क्रेन बंद ठेवा."

अशा रीतीनं आमच्या शेडच्या सगळ्या क्रेन ऑपरेटरांना जेवणाची सुट्टी मिळाली. ती त्यांना आधीच मिळायला हवी होती, आणि तिच्यासाठी कोणी पत्रक काढलं नव्हतं, मीही नाही. देवरावजींना ती सुट्टी आवडली. ती कोणामुळं मिळाली, हा विषय त्यांनी कधी काढला नाही.

ते बदलले, असं लिहायला मला आवडलं असतं. बदलले नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी स्टुलावर वर्तमानपत्र अंथरून सोनसायला त्यावर बसवलं. पाळी संपली की दांडे चिंधीनं पुसत. हातावर हात त्यांनी शेवटपर्यंत ठेवला नाही. मागं उभे राहून तोंडानं सांगत, "अब छोड. अब पकड." पण सांगायचे ते बरोबर सांगायचे. वाईट शिकवणं त्यांच्या हाताला जमत नव्हतं. माझ्याशी बोलणं बंद झालं, आईच्या खोकल्याची चौकशीही. आई म्हणायची, देवरावजी आताशा दिसत नाहीत. मी म्हणायचो, पाळी बदलली.

परीक्षा कशी असते ते सांगतो. हुकाला पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली लावतात. जमिनीवर तेलाचे रिकामे ड्रम असे मांडतात की सरळ वाट राहत नाही. बादली त्या ड्रमांमधून वळणं घेत न्यायची आणि टोकाला खडूनं काढलेल्या वर्तुळात टेकवायची. वाटेत दोन ओंजळींहून जास्त पाणी सांडलं की नापास. यातली मेख अशी की पूल थांबला तरी दोरावरचा माल थांबत नाही, तो पुढं झोका घेतो. नवशिका घाबरून पूल मागं ओढतो आणि झोका वाढतो. खरा ऑपरेटर उलट करतो: माल पुढं गेला की पूलही हळूच त्याच्या डोक्यावर नेतो, आणि झोका मरतो. हे हातांना कळायला लोकांना महिने लागतात.

परीक्षेला मुख्य कारखान्यातून एक परीक्षक आले होते. दाणी साहेब होते, देवरावजी खाली उभे होते, खुणा द्यायला झिबल. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तो नापास झाला असता तर सगळे म्हणाले असते, पाहा, संधी दिली होती. आणि त्या 'पाहा'चा कागद वर्षानुवर्षं प्रत्येक आदिवासी मुलाच्या वहीला जोडला गेला असता. मला तेव्हा हेच सारखं दिसत होतं. सोनसायला काय दिसत होतं, ते त्यालाच ठाऊक.

झिबलनं हात वर केला. बादली उठली.

पहिलं वळण सरळ गेलं. दुसऱ्यावर तो जरा जोरात आला, आणि थांबताच बादलीनं झोका घेतला. पाणी काठावरून हिंदकळलं, जमिनीवर पडल्याचा आवाज मी ऐकला. देवरावजी स्वतःशीच पुटपुटले, "मागं नको ओढू. मागं नको ओढू." पूल मागं गेला नाही. तो वीतभर पुढं सरकला, बादली त्याच्याखाली आली, आणि सगळं असं स्तब्ध झालं की पाण्यात छताची पन्हळं दिसायला लागली. मग तिसरं वळण, चौथं, आणि बादली वर्तुळात टेकली. टेकल्याचा आवाजही झाला नाही.

परीक्षक वाकले, ओल पाहिली, वहीवर काही लिहिलं. "पास," म्हणाले, चहा मागवावा अशा आवाजात.

"हात चांगला हाय," देवरावजी आजूबाजूला बघत म्हणाले. "मीच शिकवला."

सोनसाय खाली उतरला. दाणी साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि हसून हिंदीत म्हणाले, "आखिर जंगल की आँख है, भाई. तुम लोगों की नजर तेज होती है."

सोनसाय अदबीनं उभा होता. "नजर नहीं, साहब," तो म्हणाला. "ग्यारह हप्ते बाहर खड़े होके यही देखा. किसी को भी खड़ा कर दो, सीख जाएगा."

दाणी साहेबांनी चष्मा पुसला. तेवढ्यात बाहेर मालाचा ट्रक येऊन उभा राहिला आणि झिबल ओरडला, "चाल रे, चढ वर. गाडी थांबली हाये." सोनसाय पुन्हा शिडी चढला. या वेळी तो कट्ट्यावर क्षणभरही थांबला नाही. आत गेला.

माणसं पांगली.  शेजारी पत्र्यांची चळत होती, तिच्यावर बसलो. त्या निघून गेलेल्या तिघांची आठवण आली. पुढं मी तिघांनाही पत्रं टाकली. दोघांची परत आली, तिसऱ्याचं काही कळलं नाही. ते ओझं आहेच. पण त्या दुपारी मला नुसतं हायसं वाटत होतं, इतकं की डोळे मिटून बसून राहावं. माझ्या चार पानांपायी यार्डात चाललेलं एका माणसाचं आयुष्य थोडक्यात वाचलं होतं.

किती वेळ बसलो कोण जाणे. वर घंटी वाजायला लागली. माल येतो आहे, वाटेतल्या माणसानं बाजूला व्हावं, म्हणून ऑपरेटर पायानं घंटी वाजवतो. मी डोळे उघडले. लांबलचक तुळई हुकाला लटकून संथपणे माझ्याकडे येत होती, आणि केबिनच्या खिडकीतून सोनसाय डोकं बाहेर काढून हातानं खूण करत होता: बाबू, हट.

मी हटलो.